परदेशातला आजीचा बटवा: काय कामी येतं, काय जपून वापरायचं

अबोली (दक्षिण जर्मनी)

नमस्कार मंडळी,

परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ सगळ्यांवर ही वेळ येते. घसा धरलाय, नाक चोंदलंय, अंगात कणकण आहे, आणि डॉक्टर म्हणतात, "व्हायरल आहे. गरम गरम प्या, झोप काढा, उतार पडला नाही तर पुन्हा या." ना इंजेक्शन, ना अँटिबायोटिक. दवाखान्यातून गोळ्या घेतल्याशिवाय बाहेर पडायची आपल्याला सवय नसते, त्यामुळे आपल्याला कुणी नीट तपासलंच नाही असं वाटत राहतं. मग घरी फोन होतो आणि आई सुरू करते: हळद-दूध घे, सुंठ उगाळून कपाळाला लाव, ओव्याची पुरचुंडी करून छाती शेक.

माझं म्हणणं असं की डॉक्टर आणि आई इथे एकच गोष्ट सांगत असतात. साध्या सर्दीवर औषध नाही, ती तिच्या वेळेने जाते. तोवर जिवाला आराम पडावा एवढंच आपल्या हातात असतं, आणि आपले घरगुती उपाय नेमके त्याच कामाचे आहेत. पण बटव्यासोबत एक गोष्ट येत नाही. गावाकडे आजी, काकू, शेजारच्या मावशी असायच्या. "तान्ह्या बाळाला हे नको", "याला आता दवाखान्यात न्या" हे त्या वेळेवर सांगायच्या. इथे डबे आले, ती जाणती माणसं आली नाहीत. ती कसर आपल्यालाच भरून काढायला हवी, म्हणून हा धागा.

खोकल्यापासून सुरुवात करते. ब्रिटनमध्ये 'नाइस' ही संस्था डॉक्टरांसाठी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवते. २०१९ च्या त्यांच्या खोकल्याविषयीच्या सूचनांमध्ये मोठ्यांसाठी आणि एक वर्षावरच्या मुलांसाठी मधाचा उल्लेख आहे. साधा खोकला तीन-चार आठवडे रेंगाळू शकतो आणि त्याला सहसा अँटिबायोटिक लागत नाही, असंही त्यात आहे. हे वाचल्यावर माझ्या नवऱ्याची "दोन आठवडे झाले, अजून खोकतोय" ही काळजी बरीच कमी झाली. आमच्याकडे आलं किसून फडक्यातून पिळतो, चमचाभर रसात तेवढाच मध, वर मिरपूड, आणि हळूहळू चाटून खायचं. लगेच वरून पाणी प्यायचं नाही.

ओवा संपला असेल तर अडून बसू नका. ओव्याला तो झणका येतो तो थायमॉल या द्रव्यामुळे, आणि इथल्या थाईम या वनस्पतीतही तेच असतं. जर्मनीत खोकल्याच्या कितीतरी सिरपांमध्ये थाईमचा अर्क घालतात. वाळलेल्या थाईमचा चहा करून त्यात मध घातला की ओव्याच्या काढ्याची आठवण येते. बडीशेप, अॅनिस आणि कॅरवे यांचा एकत्र चहा इथे कुठल्याही सुपरमार्केटात मिळतो. जेवण अंगावर आलं, पोट फुगलं की मोठ्या माणसांसाठी तो उत्तम.

कानदुखीचा एक उपाय मला खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी दाखवला. कांदा बारीक चिरायचा, स्वच्छ सुती मोज्यात भरायचा आणि गाठ मारायची. पातेल्यात पाणी उकळत ठेवून झाकण उलटं टाकायचं आणि त्या झाकणावर मोजा गरम करायचा. कोमट झाला की आधी आपल्याच मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायचा, मग कानावर ठेवून वरून लोकरी टोपी चढवायची. घरभर वास सुटतो, पण ऊब मिळून मूल झोपतं. आपली शेकायची पुरचुंडी आणि ही, दोन्ही एकाच जातीच्या. मात्र कानात कांद्याचा रस किंवा गरम तेल घालू नका. पडद्याला भोक असेल तर ते आत जातं, आणि बाहेरून ते आपल्याला दिसत नाही. कानातून पू आला, कानामागे सूज दिसली किंवा ताप चढला, तर घरी थांबायचं नाही.

तापाला आपण कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवतो, इथे पोटऱ्यांना ओली फडकी गुंडाळतात. पाणी कोमट हवं, गार नव्हे, आणि पाय गरम असतील तरच करायचं. हातपाय गार पडून हुडहुडी भरली असेल तर उलट पांघरूण घाला.

रात्री-अपरात्री दवाखाना बंद असेल आणि जिवावरचं नसेल तर जर्मनीत ११६११७ या क्रमांकावर डॉक्टरांची सोय होते. जिवाशी खेळ असेल तर ११२.

तुम्ही कुठे असता, काय वापरता, काय सोडून दिलंत, सविस्तर लिहा.

रानपाखरू (कॅनडा)

छान धागा. आमच्याकडे सर्दीपेक्षा कोरड्या हवेचा त्रास जास्त. बाहेर उणे वीस, आत हीटर. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, आणि मुलांचा घोळणा फुटतो. घोळणा फुटला की आमच्या घरी आधी डोकं मागे करून कांदा हुंगवायचे. इथे शिकले ते असं: मूल सरळ बसवायचं, मान थोडी पुढे झुकवायची, आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबून धरायचा. मान मागे केली की रक्त घशात उतरतं.

टाचांना मात्र कोकमतेलाला तोड नाही. आमच्याकडे कोकणात त्याला भिरंडेल म्हणतात. त्याचा घट्ट गोळा मिळतो, तो चमच्यात वितळवून रात्री भेगांत भरायचा आणि सुती मोजे घालून झोपायचं. भारतातून येताना हा गोळा मी नक्की आणते.

आणि हवेत ओलावा हवाच. ह्युमिडिफायर घेतलात तर त्यातलं पाणी रोज बदला आणि भांडं घासा, नाहीतर बुरशी आपणच हवेत सोडतो.

सह्याद्रीचा (अमेरिका, टेक्सास)

नाक चोंदण्यावर माझा उपाय जलनेती. परागकणांच्या दिवसांत फार फरक पडतो. पण एक गोष्ट ठळकपणे सांगतो, कारण आपल्यातले बरेच जण थेट नळाचं पाणी वापरतात.

२०११ मध्ये शेजारच्या लुइझियाना राज्यात दोन माणसं नाक धुण्याच्या भांड्यात नळाचं पाणी वापरल्यामुळे दगावली. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा नाकातून मेंदूत गेला. ते पाणी प्यायलं असतं तर काही झालं नसतं, पोटात तो मरतो. नाकातून गेला तर जवळपास कुणी वाचत नाही. असं फार क्वचित घडतं, पण टाळणं अगदी सोपं आहे. पाणी निदान एक मिनिट खळखळ उकळून, झाकून, कोमट होऊ द्यायचं, किंवा दुकानातून डिस्टिल्ड पाणी आणायचं. त्यात मीठ घालायचं. भांडं धुऊन कोरडं ठेवायचं.

खलबत्ता (इंग्लंड)

मी इथे फार्मसीत काम करते. आपली माणसं काउंटरवर येतात तेव्हा काय घरी घेतलंय ते आपणहून सांगत नाहीत, विचारलं तरी "काही नाही, घरचंच" म्हणतात. म्हणून जरा मोठं लिहिते, राग मानू नका.

पहिलं तान्ह्या बाळांचं. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटवायलाही नाही, गुटीतही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला बद्धकोष्ठ होतं, रडणं क्षीण होतं, दूध ओढवत नाही, मान टाकतं. मध उकळून किंवा 'शुद्ध' आणून हा धोका जात नाही.

गुटीतलं वेखंडही तसंच. अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी आहे, कारण त्यातलं बीटा-असारोन प्राण्यांवरच्या प्रयोगांत घातक ठरलं.

कापूर पोटात जाऊ देऊ नका. मुलाने वडी गिळली तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. देवघरातला कापूर मुलांचा हात पोचेल तिथे ठेवू नका. ओवा-कापराची पुरचुंडी बाळाच्या उशाशी किंवा कपड्याला बांधून ठेवण्याची पद्धत सोडाच. अमेरिकेत असं काही झालं तर १-८००-२२२-१२२२ हा विषबाधा मदत क्रमांक चोवीस तास चालतो.

दुसरं, डब्यांतली आयुर्वेदिक औषधं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. बॉस्टन परिसरातल्या दक्षिण आशियाई दुकानांतून आणलेल्या ७० उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. म्हणून दुकानातून, ओळखीतून आलेली बिननावाची भस्मं, गोळ्या मुलांना आणि गरोदर बाईला देऊ नका. डोळ्यात घालायच्या काजळ-सुरम्यातही शिसं सापडलेलं आहे. स्वयंपाकातली सुंठ, ओवा, जिरं यांची गोष्ट वेगळी, ते मी स्वतः रोज वापरते.

तिसरं, ज्येष्ठमध. घशाला आराम पडतो हे खरं, पण रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. बीपीच्या माणसाने लांबच राहावं.

चौथं, पॅरासिटामॉल. अमेरिकेत त्यालाच अॅसिटामिनोफेन म्हणतात. भारतातून आणलेली तापाची गोळी, वर इथली सर्दीची मिश्र गोळी, वर रात्रीचं सिरप, तिन्हींत तेच असू शकतं. मोठ्या धडधाकट माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, नाहीतर यकृताला इजा होते. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचाच.

आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा वर ताप आला तर कुठलाही घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टर. इंग्लंडमध्ये १११ वर फोन करा.

गोदाकाठ (नेदरलँड्स)

खलबत्ता, तुमचा अभ्यास आहे हे मान्य. पण आमच्या घरी चार पिढ्या गुटीवर वाढल्या, माझी दोन्ही मुलंही. माझ्या सासूबाई सहाणेवर मोजून वळसे द्यायच्या, हळकुंडाचा एक, बदामाचे दोन, असं प्रत्येकाचं ठरलेलं. सगळंच वाईट म्हणून टाकून द्यायचं का? मला ते पटत नाही. या गोष्टी गेल्या की मुलांशी आपलं काय उरणार?

खलबत्ता (इंग्लंड)

गोदाकाठ ताई, सासूबाईंचे ते मोजलेले वळसे मला फार आवडले. मात्रा कमीत कमी ठेवायची याची जाण त्यात आहे. बहुतेक बाळांना काही होत नाही हेही खरं. पण ज्या एका बाळाला होतं त्याला महिनाभर दवाखान्यात ठेवावं लागू शकतं, आणि ते बाळ कोणतं हे आधी कळत नाही. शिवाय सहाण, खोड आणि मध यांची स्वच्छता इथे आपण तशी राखत नाही. पहिले सहा महिने आईचं दूध आणि मालिश यातच सगळं आलं. आपल्या हाताने तेल लावून मालिश करायची, मग कोमट पाण्याने अंघोळ, ते मुलं आणि आई दोघंही विसरत नाहीत. वर्षानंतर खोकला झाला की खुशाल मध द्या.

गोदाकाठ (नेदरलँड्स)

मालिशचं पटलं. धाकट्या जावेला दिवस गेलेत, तिला हा धागा पाठवते.

वाटसरू (ऑस्ट्रेलिया)

सामान आणण्याबद्दल. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याचे पदार्थ, बिया, मुळं, साली, काड्या, जे काही झाडापासून आलंय ते सगळं फॉर्मवर जाहीर करावं लागतं. जाहीर करून अधिकाऱ्याने काढून घेतलं तर दंड होत नाही, लपवलं तर मोठा दंड होतो. मी पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'सुंठ', 'ओवा' यांची इंग्रजी नावं लिहून ठेवतो, काम पटकन होतं.

दुबईमार्गे जाणाऱ्यांनी खसखस बॅगेत ठेवू नये. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, सिंगापुरातही आहे. आपल्याकडे ती वाटणात जाते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण ती अफूच्या बोंडातली असते. कोडीन असलेलं खोकल्याचं सिरपही अमिरातीत चिठ्ठी आणि परवानगीशिवाय चालत नाही. जपानला जाणाऱ्यांनी स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळी तपासून घ्या, तिथे १० टक्क्यांपेक्षा जास्त प्रमाण असेल तर आणता येत नाही.

हॉस्टेलवासी (आयर्लंड)

मी नुकताच शिकायला आलोय, एकटा राहतो. गेल्या शनिवारी बाहेरचं खाल्लं आणि रात्रभर उलट्या-जुलाब. आई म्हणाली साखर-मिठाचं पाणी पी. किती साखर, किती मीठ, हे तिला अंदाजाने येतं, मला येत नाही. कुणी सांगेल का?

अबोली (दक्षिण जर्मनी)

बाळा, हे अंदाजाने करायचं नाही. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंइतपत खारट, त्याहून जास्त नको. मीठ जास्त झालं तर उलट त्रास होतो. एकदम ग्लास ढोसू नकोस, दोन-दोन घोट करत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. तुझ्या जवळच्या फार्मसीत तयार पुड्याही मिळतील, दोन-चार आणून ठेव.

हे साधं पाणी वाटतं, पण त्यामागे आपल्याच भागातला मोठा इतिहास आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून नातेवाइकांच्या हातून पाजायला सुरुवात केली आणि मृत्यू एकदम घटले. साखरेसोबत आतडं मीठ आणि पाणी आत ओढून घेतं, सगळं त्यावर चालतं. आपली मीठ घातलेली तांदळाची पेजही म्हणूनच पोटाला मानवते. जरा थांबलं की पेज घे, नुसत्या पाण्यावर राहू नकोस.

लघवी बंद झाली, रक्त पडलं, उभं राहिल्यावर भोवळ आली, तर एकटा खोलीत पडून राहायचं नाही. शेजारच्या मुलाला उठव.

हॉस्टेलवासी (आयर्लंड)

धन्यवाद काकू. लिहून भिंतीवर लावतोय.

देवराई (ऑस्ट्रिया)

बटव्यात ज्यांचं उत्तरच नाही अशा दोन गोष्टी.

एक, गोचीड. आपल्याकडे ती गाई-म्हशींना लागते, इथे गवतातून, झुडपांतून माणसाला लागते. मध्य युरोपात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. गावाकडे जनावराच्या गोचिडीवर रॉकेल नाहीतर तेल लावतात, काडी चटकवतात. ते इथे माणसावर करायचं नाही. चिमटा कातडीला अगदी टेकवून गोचीड डोक्याजवळ धरायची, सरळ वर ओढायची, पिरगळायची नाही. जागा धुऊन तारीख लिहून ठेवायची. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चट्टा पसरत गेला तर डॉक्टरकडे जा. तिथे अँटिबायोटिकच लागतं, आणि वेळेवर घेतलं तर आजार आटोक्यात येतो. मेंदूला सूज आणणारा दुसरा एक आजारही गोचिडीतून येतो, त्यावर ऑस्ट्रियात लस मिळते. जंगलात फिरत असाल तर घ्या.

दुसरं, वसंतातली 'सर्दी'. पहिली एक-दोन वर्षं काही होत नाही, मग मार्च-एप्रिलमध्ये शिंका, डोळ्यांना खाज, नाक वाहणं. ताप नाही. ही बर्च झाडाच्या परागकणांची अॅलर्जी असते. काढे पिऊन ती जात नाही. बाहेरून आल्यावर कपडे बदला, रात्री केस धुवा, नाक मिठाच्या पाण्याने धुवा (सह्याद्रीचा यांनी सांगितलंय तसंच), आणि अॅलर्जीची गोळी घ्या. काहींना सोबत कच्चं सफरचंद, गाजर खाल्लं की घसा खाजतो. शिजवलेलं बहुतेकांना चालतं.

रानपाखरू (कॅनडा)

देवराई, अनुमोदन. यात ड जीवनसत्त्वाचंही घाला. अंग दुखतंय म्हणून तेल चोळत बसतो आणि मूळ कारण वेगळंच असतं. ब्रिटनमध्ये सावळ्या-काळ्या त्वचेच्या लोकांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करा असं सरकारच सांगतं. आपण त्यात मोडतो.

चाफा (अमेरिका, न्यू जर्सी)

वाचनखूण साठवली. एक विचारायचं होतं. माझे बाबा सहा महिन्यांसाठी येतायत. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालंय, रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. आई रोज त्यांना हळद-आलं-लसणाचा काढा देते आणि इथे आल्यावर हळदीच्या कॅप्सूलही आणायला सांगितल्यात, "तिकडे चांगल्या मिळतात" म्हणून. देऊ का?

खलबत्ता (इंग्लंड)

चाफा, कॅप्सूल आणू नका. भाजी-आमटीतली हळद चालते. कॅप्सूलमध्ये अर्क असतो, मात्रा कितीतरी जास्त असते, आणि हळद, आलं, लसूण तिन्ही भरपूर घेतली तर रक्तस्राव वाढू शकतो. काढा चालू ठेवायचा की नाही हे त्यांच्या डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा. कमी-जास्त काहीही केलं तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी चाचणी, पुन्हा करावी लागेल.

अजून एक. भारतात या कामासाठी बऱ्याचदा असेनोकुमारॉल देतात. ते अमेरिकेत विकलंच जात नाही, तिथे वॉरफरिन असतं, आणि दोन्हींची मात्रा सारखी नसते. त्यामुळे पुरतील एवढ्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणायला सांगा. कंपनीचं नाव नको, मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून एक कागद त्यांच्या पाकिटात ठेवा. त्यातच खाली काढ्यात काय काय घालता तेही लिहा. आणि आल्या आल्या आयएनआर कुठे करता येईल ते आत्ताच शोधून ठेवा.

चाफा (अमेरिका, न्यू जर्सी)

खूप आभार. कॅप्सूलची ऑर्डर रद्द केली. आईला आत्ताच फोन लावते, डॉक्टरांची वेळ पुढच्याच आठवड्यात आहे.